गाव म्हणालं, अटी आमच्या

अणुकचरा म्हटलं की आपल्याला सिनेमातलं हिरवं, चमकणारं काहीतरी आठवतं. प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग अगदी साधा असतो. कामगारांचे हातमोजे, फरशी पुसायची फडकी, पाणी गाळायची गाळणी. याला कमी तीव्रतेचा किरणोत्सारी कचरा म्हणतात. तो जाळून किंवा दाबून लहान करतात, सिमेंटमध्ये घट्ट बसवतात आणि पिंपात भरतात. आपल्या तारापूरच्या अणुवीज केंद्रातही असा कचरा निघतो आणि तो आवारातच काँक्रीटच्या खंदकांत ठेवतात. बेल्जियमला मात्र त्यासाठी जागा शोधावी लागली. त्या शोधाची ही गोष्ट.

१९६० पासून बेल्जियम आपली पिंपं अटलांटिक समुद्रात बुडवत होता. इंग्लंडही तेच करत होतं. १९८३ मध्ये लंडन कराराच्या सदस्य देशांनी हे थांबवायचं ठरवलं आणि कचरा जमिनीवरच राहिला. मग सरकारी संस्थेच्या तज्ज्ञांनी नकाशे पसरले, जमीन अभ्यासली आणि १९९४ साली ९८ जागा सुचवल्या. पण तिथल्या लोकांना आधी कुणी विचारलंच नव्हतं. सगळ्यांनी, अगदी एकजात सगळ्यांनी, नाही म्हटलं.

यात गावाची संमती का लागते, ते एका हिशेबावरून कळेल. या कचऱ्यातला सीझियम-१३७ हा पदार्थ दर तीस वर्षांनी निम्मा होतो. तीस वर्षांनी अर्धा, साठ वर्षांनी पाव, असं करत तीनशे वर्षांनी हजारातला एक भाग उरतो. म्हणजे साधारण ३०० वर्षं राखण आली. अहिल्याबाई होळकरांचा जन्म १७२५ चा. तिथपासून आजपर्यंतचा काळ मोजा. एवढ्यात पेशवाई संपली, इंग्रज आले नि गेले. इतकी लांबची राखण गावाच्या मनाविरुद्ध कोण करवून घेणार?

१९९८ मध्ये सरकारने धोरण बदललं. जिथे अणुउद्योग आधीपासून आहे किंवा जे गाव स्वतःहून तयार आहे, तिथेच विचारायचं. डेसेल आणि शेजारचं मोल ही दोन गावं पुढे आली. मोलमध्ये १९५० च्या दशकापासून अणुसंशोधन केंद्र आहे आणि डेसेलमध्ये कचऱ्याची पिंपं आधीच साठवलेली होती. दोन्हीकडे गावकऱ्यांच्या समित्या बसल्या. नुसतं ऐकून घ्यायला नव्हे. आराखड्यावर तज्ज्ञांशी वाद घालायला, आणि नको वाटलं तर नाही म्हणायला. नकाराचा हक्क नुसता कागदावरचा नव्हता. फ्लेरूस या तिसऱ्या गावातही अशी समिती होती, पण तिथल्या नगरपरिषदेने २००६ साली चक्क नाही म्हटलं आणि ते गाव यादीतून गेलं.

डेसेल आणि मोल मात्र हो म्हणाले. मला इथे थोडं खटकतं, ते सांगते. ज्या गावातली कितीतरी घरं याच उद्योगावर चालतात, त्याचा होकार किती मोकळा? आणि पिंपं दारात आलेलीच होती, नकार दिला तरी ती लगेच हलणार नव्हती. तरी एक मान्य करायला हवं. या गावांनी होकार फुकट दिला नाही.

२३ जून २००६ रोजी सरकारने डेसेल निवडलं. आराखडा असा: पिंपं काँक्रीटच्या मोठ्या ठोकळ्यांत बंद करायची, ठोकळे ३४ काँक्रीटच्या कोठ्यांत रचायचे आणि शेवटी वर मातीचे थर घालायचे, म्हणजे दुरून दोन टेकड्या दिसतील. प्रत्येक कोठीखाली तपासणीची जागा, पाणी झिरपतंय का ते बघायला. सुरक्षेची छाननी इतकी लांबली की परवाना मिळायला २०२३ उजाडलं.

गावांच्या अटींत विकासासाठी निधी होता, माहिती केंद्र होतं, आणि एक अट आपल्या जिव्हाळ्याची होती: आमच्या तब्येतीकडे वर्षानुवर्षं लक्ष ठेवा. त्यातून डेसेल, मोल आणि शेजारच्या रेटी गावात २०१० मध्ये एक अभ्यास सुरू झाला. गरोदर बायकांना त्यात सहभागी करून घेतलं आणि सुमारे ३०० आया नि त्यांच्या बाळांवर लक्ष ठेवायला सुरुवात झाली. कोठ्यांत पहिला ठोकळा ठेवण्याच्या कितीतरी आधी. त्यातली सर्वांत मोठी मुलं आता आपल्याकडच्या दहावीच्या वयाची झाली आहेत.