अस्सल ठेका, नकली ठेका

मागच्या वेळी आपण ‘अस्सल’ म्हणजे काय, हा प्रश्न घेतला होता. आज एक उदाहरण बघू.

१९७९मध्ये शिकागोच्या बेसबॉल मैदानात डिस्कोच्या तबकड्या स्फोटकं लावून उडवल्या. डिस्को संपला, असं लोक म्हणाले. नाच मात्र थांबला नाही. १९८२ साली न्यूयॉर्कमध्ये आफ्रिका बंबाटाचं ‘प्लॅनेट रॉक’ आलं. त्यातली धून जर्मनीच्या क्राफ्टवर्कवरून घेतलेली, ठेका जपानी टीआर-८०८ यंत्राचा. हे यंत्र खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही, म्हणून त्याला नावं ठेवली गेली; १९८३मध्ये त्याचं उत्पादनही थांबलं.

आज त्याच ठेक्यासाठी माणसं हळवी होतात, आणि नव्या संगीताला नकली म्हणतात! यात आम्हीही आलोच. आठवणींचा मान आपण ठेवूच. अस्सल-नकलीचा निवाडा मात्र त्यांच्यावर सोपवता येत नाही.