फितुरीचा आरोप आणि भीमा-कोरेगाव

पुणे-आळंदी मार्गावरील दिघीहून खडकी जवळ आहे आणि पूर्वेस भीमाकाठचे कोरेगावही फार दूर नाही. इंग्रज-पेशवे युद्धाला ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीस तोंड फुटले. १ जानेवारी १८१८ ची लढाई कोरेगावास झाली. त्या लढाईत कंपनीच्या बाजूने लढलेले महार सैनिक फितूर होते, असा आरोप अद्यापही होतो. केवळ ऐकीव म्हणून काही स्वीकारू नये, हा तथागतांनी कालामांना केलेला उपदेश स्मरून आम्ही त्याची तपासणी करू इच्छितो.

शिरूरहून निघालेल्या कॅप्टन स्टाँटनच्या तुकडीत सुमारे ८०० माणसे होती. विजयस्तंभावर कंपनीच्या मृत सैनिकांची ४९ नावे कोरलेली आहेत. त्यांतील 'नाक' प्रत्ययाची २२ नावे महारांची मानली जातात. उरलेल्यांत मराठे, राजपूत व मुसलमान आहेत. उलट, गावावर चालून आलेल्या पेशव्यांच्या पायदळात अरब होते. म्हणजे दोन्हीकडे पगारी शिपाईच होते. मग फितुरीचा शिक्का एकाच जातीच्या कपाळी का? १७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढविले ते बाळाजीपंत नातूंनी. त्यावरून त्यांच्या जातीस कोणी फितूर म्हणत नाही, म्हणूही नये.

तथापि सत्याची दुसरी बाजूही आम्ही नाकारीत नाही. ते सैनिक जातिनाशाचा संकल्प करून निघाले होते, असे सांगणारा त्यांचा एकही शब्द उपलब्ध नाही. शिवाय ज्या इंग्रजांसाठी त्यांनी रक्त सांडले, त्यांनीच शतकाअखेरीस महारांची सैन्यभरती बंद केली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून शिवराम जानबा कांबळे यांना १९१० साली अर्ज करावा लागला. कोरेगावला स्वाभिमानाचा अर्थ लाभला तो १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी स्तंभास भेट दिल्यानंतर.

याच बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत, स्वकीयांच्या विश्वासघाताने देशाने स्वातंत्र्य गमावल्याची उदाहरणे दिली आणि ते पुन्हा घडेल काय, अशी चिंता व्यक्त केली. फितुरीचे त्यांना सोयरसुतक नव्हते, असे म्हणणे म्हणूनच अज्ञान होय. मात्र ज्यास माणूस म्हणून जागाच दिली नाही, त्याच्याकडून निष्ठेची अपेक्षा करण्याचा अधिकार राज्यास उरत नाही. समता असेल तेथेच देश सर्वांचा होतो.