उत्प्रेरकी परिवर्तक, मोटारगाडीतील

मोटारगाडीच्या एंजिनातून बाहेर पडणाऱ्या निष्कास वायूंतील विषारी घटकांचे रासायनिक विक्रियांद्वारे तुलनेने निरुपद्रवी वायूंत रूपांतर करणारे साधन. ते एंजिन व आवाजरोधक यांच्या दरम्यान निष्कास नळीत बसविलेले असते. याचा इतिहास केवळ एका यंत्रभागाच्या सुधारणेचा नाही. हे साधन सुरक्षित ठेवण्यासाठी पेट्रोलमधील शिसे काढावे लागले व त्यामुळे माणसाच्या, विशेषतः लहान मुलांच्या, शरीरात जाणारे शिसेही घटले. या दृष्टीने त्याला सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात महत्त्वाचे स्थान आहे.

पार्श्वभूमी : अमेरिकेतील लॉस अँजेल्स शहरावर १९४३ च्या जुलै महिन्यात डोळ्यांची आग करणारे दाट धुरके पसरले. प्रारंभी त्याचा दोष कारखान्यांना देण्यात आला. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील आरी हागेन-स्मिट यांनी १९५० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले की, न जळलेली हायड्रोकार्बने व नायट्रोजनाची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोनयुक्त धुरके निर्माण होते आणि या द्रव्यांचा एक प्रमुख उगम मोटारगाड्या हा आहे. याच सुमारास खनिज तेलाच्या उत्प्रेरकी भंजनाची पद्धत विकसित करणारे फ्रेंच अभियंते यूजीन हूड्री (१८९२–१९६२) यांनी निष्कास वायूंच्या शुद्धीकरणासाठी उत्प्रेरक वापरण्याचे प्रयोग अमेरिकेत केले. त्यांना १९५६ मध्ये यासंबंधीचे एकस्व मिळाले.

तथापि हे साधन त्या काळी मोटारगाडीत टिकणे शक्य नव्हते. टॉमस मिज्ली यांनी १९२१ मध्ये टेट्राएथिल लेड या संयुगाचा आघातरोधी गुण शोधून काढला होता व १९२३ पासून ते पेट्रोलमध्ये मिसळून विकले जात होते. ते विषारी असल्याची जाणीव प्रारंभापासून होती. १९२४ मध्ये न्यू जर्सी राज्यातील एका कारखान्यात त्याच्या विषबाधेने पाच कामगार दगावले होते. तरीही त्याचा वापर वाढतच गेला. जळलेल्या पेट्रोलमधील शिशाची संयुगे उत्प्रेरकाच्या पृष्ठावर साचून त्यास अल्पावधीत निष्क्रिय करीत. म्हणजे निष्कास शुद्ध करावयाचा, तर इंधन आधी शुद्ध करणे अपरिहार्य होते.

कायदा व विकास : अमेरिकेत ३१ डिसेंबर १९७० रोजी संमत झालेल्या कायद्याने नव्या गाड्यांतील कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बने यांच्या प्रमाणात १९७५ पर्यंत ९० टक्के घट करण्याचे बंधन घातले. या मुदती पुढे लांबल्या. परंतु १९७५ सालच्या नमुन्याच्या बहुतेक अमेरिकी गाड्यांत परिवर्तक बसविण्यात आले. तत्पूर्वी, जुलै १९७४ पासून, पेट्रोल पंपांवर शिसेरहित पेट्रोल उपलब्ध करणे सक्तीचे झाले होते. चुकीचे इंधन भरले जाऊ नये म्हणून नव्या गाड्यांच्या टाकीचे तोंड अरुंद करण्यात आले व शिसेयुक्त पेट्रोलच्या नळीचे टोक त्यात शिरू नये अशी योजना केली गेली.

आरंभीचे परिवर्तक केवळ ऑक्सिडीभवन करीत. नायट्रोजनाच्या ऑक्साइडांवर त्यांचा उपाय चालत नसे. कार्ल कीथ, जॉन मूनी व त्यांचे सहकारी यांनी तिन्ही प्रदूषकांवर एकाच वेळी कार्य करणारा त्रिमार्गी परिवर्तक विकसित केला. व्होल्व्हो कंपनीने १९७६ मध्ये ऑक्सिजन संवेदकासह तो कॅलिफोर्नियातील गाड्यांसाठी आणला. यूरोपीय समुदायात १९९३ पासून नव्या पेट्रोल गाड्यांना परिवर्तक प्रत्यक्षात अनिवार्य झाला.

रचना व कार्य : पोलादी कवचात कॉर्डिएराइट या मृत्तिका-द्रव्याचा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा सांगाडा असतो. त्यात दर चौ. सेंमी.ला सु. ६० समांतर मार्गिका असतात. त्यांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा सच्छिद्र थर व त्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम यांचे अतिसूक्ष्म कण असतात. पहिल्या दोन धातूंमुळे कार्बन मोनॉक्साइडाचे कार्बन डाय-ऑक्साइडात आणि हायड्रोकार्बनांचे कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी यांत रूपांतर होते. ऱ्होडियमामुळे नायट्रोजनाच्या ऑक्साइडांचे क्षपण होऊन नायट्रोजन मुक्त होतो. या परस्परविरोधी विक्रिया एकत्र घडण्यासाठी हवा व पेट्रोल यांचे वजनी प्रमाण सु. १४·७ : १ राखावे लागते. संवेदक हे प्रमाण सांभाळतो आणि थरातील सिरियम ऑक्साइड ऑक्सिजनाचा साठा करून लहान चढउतार सावरते. परिवर्तक सु. २५०° ते ३००° से. तापमानानंतरच प्रभावी होतो. म्हणून थंड एंजिन सुरू केल्यावरच्या पहिल्या एकदोन मिनिटांत प्रदूषण अधिक होते.

रक्षण : उत्प्रेरक विक्रियेत खर्ची पडत नाही, मात्र तो बिघडू शकतो. स्पार्क प्लग सदोष असल्यास न जळलेले पेट्रोल परिवर्तकात जाऊन पेटते. तापमान सु. १,०००° से.च्या पलीकडे गेल्यास सच्छिद्र थर आकसतो व त्याहून अधिक वाढल्यास सांगाडाच वितळून निष्कासाचा मार्ग तुंबतो. म्हणून एंजिन अडखळत असता गाडी चालवीत राहू नये व ती वारंवार ढकलून सुरू करू नये. एंजिन तेल जळू लागल्यास त्यातील फॉस्फरस पृष्ठावर साचतो. यास्तव तेलगळती व झिजलेली दट्ट्याकडी यांकडे वेळीच लक्ष द्यावे. भेसळयुक्त इंधन टाळावे. सांगाडा ठिसूळ असल्याने दगडाचा वा गतिरोधकाचा आघात त्यास घातक ठरतो. तापलेला परिवर्तक वाळलेल्या गवतावर येईल अशी गाडी उभी केल्यास आग लागण्याचा संभव असतो.

भारतातील प्रसार : महेशचंद्र मेहता यांनी १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेच्या सुनावणीतून वाहनांच्या प्रदूषणाचा प्रश्न ऐरणीवर आला. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या महानगरांत शिसेरहित पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि तेथील नव्या पेट्रोल गाड्यांना परिवर्तक सक्तीचा झाला. या शहरांबाहेर मात्र योग्य इंधन सर्वत्र मिळण्याची शाश्वती नव्हती व एकदोनदा शिसेयुक्त पेट्रोल भरल्यानेही परिवर्तकाची हानी होत असे. फेब्रुवारी २००० मध्ये देशभर शिसेरहित पेट्रोल लागू झाल्यावर ही अडचण दूर झाली. १ एप्रिल २०२० पासूनच्या भारत स्टेज-६ मानकांनुसार पेट्रोलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत १० भागांवर आणले गेले. गंधकही उत्प्रेरकाची क्षमता घटवीत असल्याने हे आवश्यक होते.

मूल्यमापन : अमेरिकेत १९७६ ते १९८० या काळात लोकांच्या रक्तातील शिशाची सरासरी पातळी सु. ३७ टक्क्यांनी घटली. पेट्रोलमधील शिशाची घट हे त्याचे मुख्य कारण मानले जाते. शिशाने बालकांच्या मेंदूच्या वाढीस होणारी हानी पुढे स्पष्ट झाल्यावर या योगायोगाचे मोल कळून आले. जुलै २०२१ मध्ये अल्जीरियातील विक्री थांबल्याने मोटारगाड्यांसाठीचे शिसेयुक्त पेट्रोल जगातून संपुष्टात आले. परिवर्तकाच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. तो कार्बन डाय-ऑक्साइड कमी करीत नाही. त्यातील दुर्मिळ धातूंचे खनन खर्चिक असते व त्यांच्या किमतीमुळे परिवर्तकांच्या चोऱ्याही होतात. टेट्राएथिल लेडचे विषारी परिणाम कामगारांच्या मृत्यूने उघड झाले होते. त्यांवर उपाय मात्र उत्प्रेरक वाचविण्याच्या निमित्ताने अर्धशतकानंतर झाला, ही गोष्ट धोरणकर्त्यांनी विसरू नये अशी आहे.