संगणक सुरू होण्यातील बिघाड

वीजपुरवठा दिल्यापासून पडद्यावर कामाचे चित्र येईपर्यंतच्या एखाद्या टप्प्यावर संगणक अडणे, आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होत राहणे किंवा दोषसंदेश दाखवणे यास संगणक सुरू होण्यातील बिघाड असे म्हणतात. घरगुती वापरातील जुन्या संगणकांत हा बिघाड नित्याचा आहे. त्याचे खापर सर्रास व्हायरसवर फोडले जाते. तथापि वीजपुरवठ्यातील दोष, उष्णता, धूळ आणि झिजलेली हार्ड डिस्क ही कारणेही तितकीच संभवतात. निदान न करताच 'फॉरमॅट मारणे', म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने घालणे, हा उपाय योजला की दुरुस्त होऊ शकणारा संगणक सुरू होतो खरा, पण त्यातील कागदपत्रे बहुधा कायमची जातात.

सुरू होण्याची प्रक्रिया

संगणकाचे बटण दाबताच मदरबोर्डवरील चिपमध्ये कायम साठवलेली बायोस ही आज्ञावली प्रथम जागी होते. ती रॅम, कळफलक, डिस्क इत्यादी भाग तपासते. दोष आढळल्यास बीप आवाजाने सूचना देते. त्यानंतर हार्ड डिस्कच्या अगदी पहिल्या, ५१२ बाइट आकाराच्या खणातील मजकूर वाचला जातो. या खणास मास्टर बूट रेकॉर्ड म्हणतात. त्यातील छोटी आज्ञावली विंडोज किंवा लिनक्स यांसारख्या कार्यप्रणालीस हाक मारते. अलीकडील संगणकांत बायोसची जागा यूईएफआय या पद्धतीने घेतली आहे. कार्यप्रणाली उभी राहिल्यावर वापरकर्त्याचा प्रवेश होतो आणि शेवटी आपोआप सुरू होण्यासाठी नोंदवलेल्या इतर आज्ञावल्या चालू होतात.

या क्रियेला 'बूट होणे' म्हणतात. हा शब्द पादत्राणावरूनच आला आहे. बुटाच्या मागील पट्टीला धरून स्वतःच स्वतःला उचलणे, या अशक्य वाटणाऱ्या कल्पनेवरून इंग्रजीत तो रूढ झाला.

संगणक कोठे अडतो, यावर निदानाची दिशा ठरते. उत्पादकाचे चिन्हही दिसत नसेल तर दोष यंत्रभागांत असतो. चिन्ह दिसून पुढे 'बूटएमजीआर इज मिसिंग', 'एनटीएलडीआर इज मिसिंग' किंवा 'ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड' असा संदेश आल्यास डिस्क, तिची केबल किंवा बूट रेकॉर्ड तपासावे लागते. तत्पूर्वी संगणकाला लावलेला पेन ड्राइव्ह काढून पाहावा. संगणक आधी त्यावरूनच सुरू होण्याचा प्रयत्न करत असल्याने हा संदेश आलेला असू शकतो. प्रवेशानंतर, कामाचे चित्र आल्यावर संदेश येऊ लागले तर मात्र व्हायरसचा संशय सयुक्तिक ठरतो.

यंत्रभागांतील कारणे

विदर्भाच्या हवामानात जुन्या संगणकाचा पहिला शत्रू उष्णता होय. यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात दिवसाचे तापमान ४२ अंश सेल्सियसच्या वर जाते. प्रोसेसरवरील पंखा धुळीने भरलेला असेल आणि त्याखालील उष्णतावाहक लेप वाळला असेल, तर संगणक काही मिनिटांतच स्वतःहून बंद पडतो. कापसाच्या जिनिंग कारखान्यांजवळ हवेत तरंगणारे तंतू आणि वणी परिसरातील कोळशाची बारीक धूळ पंख्यात विशेष साचते. दुपारी बंद पडणारा संगणक पहाटे सुरळीत चालत असेल, तर व्हायरस शोधण्यापूर्वी ब्रशने पंखा साफ करणे शहाणपणाचे.

विजेचा दाब खालीवर होणे व काम चालू असताना वीज जाणे हे दुसरे कारण. डिस्कवर लेखन चालू असताना वीज गेली तर फायलींची नोंदवही अर्धवट राहते आणि पुढच्या वेळी चेकडिस्क ही तपासणी आपोआप सुरू होते. काळ्या जमिनीत उन्हाळ्यात ओल उरत नाही. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की अर्थिंगचा रोध वाढतो. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येणे ही त्याची एक खूण असून अशा वेळी संगणकाच्या दुकानदाराआधी वीजतंत्र्यास बोलवावे. २००० च्या सुमारास बनलेल्या अनेक मदरबोर्डांवरील कपॅसिटर सदोष होते. त्यांची डोकी फुगलेली दिसल्यास संगणक सुरू न होण्याचे कारण बहुधा तेच असते.

पावसाळ्यानंतर रॅमच्या टोकांवर थर चढतो व संगणक नुसता बीप करत राहतो. वीज पूर्ण तोडून रॅम काढून तिची टोके खोडरबराने हलकेच पुसणे हा दुरुस्तीच्या दुकानांतील जुना उपाय बऱ्याचदा लागू पडतो.

सीआर २०३२ या बटणाएवढ्या बॅटरीचा घोटाळा सर्वाधिक फसवा आहे. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणारी ही ३ व्होल्टची बॅटरी काही वर्षांनी संपते. मग 'सीएमओएस चेकसम एरर' असा संदेश येतो आणि दिनांक कित्येक वर्षे मागे जातो. दिनांक चुकला की संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रे अवैध ठरतात, ब्राउझर धोक्याचे इशारे देतो, अँटिव्हायरसची मुदत व अद्यतने बिघडल्याचे दिसते. पाहणाऱ्यास ही सगळी व्हायरसचीच लक्षणे वाटतात. सामान्यतः नवी बॅटरी घालून दिनांक दुरुस्त केला की ती नाहीशी होतात.

व्हायरस व अन्य मालवेअर

मराठीत संगणकीय व्हायरसला 'विषाणू' असा प्रतिशब्द आहे. हा शब्द जीवशास्त्रातून आल्यामुळे संगणक 'आजारी पडतो' अशी समजूत रुजली. वास्तविक व्हायरस ही माणसाने लिहिलेली आज्ञावली असून ती चालवली गेल्याशिवाय काहीही करू शकत नाही. म्हणूनच संगणक सुरू होताना आपण आपोआप चालवले जावे, अशी व्यवस्था तिला करावी लागते.

आरंभीच्या व्हायरसांनी थेट बूट खणातच घर केले. लाहोरच्या दोन भावांनी १९८६ मध्ये लिहिलेला ब्रेन हा फ्लॉपीच्या बूट खणात राहत असे. १९९१ मध्ये आढळलेला मायकेलँजेलो ६ मार्च या दिवशी संगणक सुरू केल्यास डिस्कचा आरंभीचा भाग नष्ट करी. त्या काळात पुण्यात कॅल्क्युलेटर व संगणक दुरुस्तीचा व्यवसाय करणारे कैलास काटकर यांच्याकडे व्हायरसग्रस्त संगणक येत. त्यांचे धाकटे बंधू संजय काटकर यांनी ते साफ करणाऱ्या आज्ञावल्या लिहिल्या. त्यातूनच १९९० च्या दशकाच्या मध्यास क्विक हील हे अँटिव्हायरस निर्माण झाले. पुढे २००७ मध्ये कंपनीचेही नाव क्विक हील टेक्नॉलॉजीज झाले. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच, अर्थात चेर्नोबिल या व्हायरसने काही संगणकांतील बायोस चिपच पुसली; असे संगणक चिप बदलल्याशिवाय सुरू होईनात.

फ्लॉपीनंतर पेन ड्राइव्ह हे प्रसाराचे मुख्य साधन झाले. फोल्डरचे चित्र धारण केलेला 'न्यू फोल्डर' व्हायरस आणि खरे फोल्डर लपवून त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवणारा व्हायरस भारतातील सायबर कॅफे, झेरॉक्सची दुकाने व शाळांच्या संगणककक्षांतून घरोघर पोहोचले. शॉर्टकट व्हायरसच्या प्रकारात फायली सहसा नष्ट झालेल्या नसतात, केवळ लपवलेल्या असतात. ॲट्रिब या आज्ञेने त्या परत दृश्य होतात. पेन ड्राइव्ह रिकामा दिसतो म्हणून तो फॉरमॅट करणे हीच खरी हानी.

२७ जून २०१७ रोजी पसरलेल्या नॉटपेट्याने संगणक पुन्हा सुरू करून चेकडिस्कसारखा हुबेहूब दिसणारा पडदा दाखवला आणि त्याआड डिस्कची सूची सांकेतिक रूपात बदलून टाकली. या हल्ल्यात न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले होते. घरगुती संगणकावरील चेकडिस्क मात्र बहुतांशी खरीच असते.

व्हायरस गेल्यानंतर उरणारे संदेश

बूट होताना 'अमुक फाइल सापडत नाही' किंवा 'द स्पेसिफाइड मॉड्यूल कुड नॉट बी फाउंड' असा चौकोन रोज येणे, ही जुन्या संगणकावरील वारंवार आढळणारी तक्रार आहे. अशा प्रकरणांत पुष्कळदा व्हायरस आधीच गेलेला असतो. अँटिव्हायरसने त्याची फाइल पुसलेली असते, पण विंडोजच्या रजिस्ट्रीत 'ही फाइल सुरुवातीस चालवा' अशी त्याने केलेली नोंद तशीच राहते. विंडोज इमानेइतबारे ती फाइल शोधते आणि न सापडल्याची वर्दी देते. विंडोज ७ पर्यंत एमएसकॉन्फिगमध्ये व त्यानंतर टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप विभागात अशी नोंद शोधून बंद करता येते. मायक्रोसॉफ्टची ऑटोरन्स ही विनामूल्य आज्ञावली अधिक खोलवरच्या नोंदी दाखवते. फाइल नाहीशी का झाली हे ठाऊक नसेल तर नोंद काढण्यापूर्वी तिचे नाव व मार्ग लिहून ठेवावा. ती प्रिंटर किंवा ध्वनिकार्डाच्या काढून टाकलेल्या आज्ञावलीचीही असू शकते.

याचाच गंभीर प्रकार विंडोज एक्सपीवर दिसत असे. काही मालवेअर 'यूजरइनिट' या प्रवेशाच्या नोंदीतच आपले नाव घुसवत. फाइल पुसली गेल्यावर वापरकर्ता प्रवेश करताक्षणी बाहेर फेकला जाई, आणि सेफ मोडमध्येही तेच घडे. अशा वेळी डिस्क निकामी झाली असे सांगून ती पुसली जाई. वास्तविक रजिस्ट्रीतील एक ओळ दुरुस्त करणे पुरेसे होते.

निदान व दुरुस्तीचा क्रम

सर्वप्रथम कागदपत्रांची प्रत काढावी. विंडोज सुरू होत नसली तरी पेन ड्राइव्हवरील लिनक्सने संगणक सुरू करून किंवा डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून फायली वाचता येतात. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर तिच्यावर चेकडिस्क चालवू नये, कारण त्या ताणाने डिस्क पूर्ण बंद पडू शकते. त्यानंतर सेफ मोड पाहावा. विंडोज ७ पर्यंत एफ८ कळ दाबून, तर पुढील आवृत्त्यांत शिफ्ट दाबून रीस्टार्ट केल्यावर येणाऱ्या पर्यायांतून तेथे जाता येते. सेफ मोडमध्ये संगणक सुरळीत चालल्यास दोष नंतर चढवलेल्या आज्ञावल्यांत किंवा ड्रायव्हरमध्ये असण्याचा संभव अधिक. व्हायरसची तपासणी विंडोज चालू नसताना करणे उत्तम. विंडोज १० मध्ये डिफेंडरची अशी ऑफलाइन तपासणी अंतर्भूत आहे. केंद्र शासनाच्या सायबर स्वच्छता केंद्राकडूनही, जे २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सुरू झाले, मालवेअर काढण्याची साधने विनामूल्य मिळतात.

पडद्यावर अचानक 'तुमचा संगणक बाधित आहे, या क्रमांकावर फोन करा' असे सांगणारी खिडकी हा दोषसंदेश नव्हे, तो फसवणुकीचा सापळा असतो. त्यात पैसे गेल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. संगणकात व्हायरस सोडणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ व ६६ अन्वये दंडनीय अपराध आहे.

मराठी मजकुराचा प्रश्न

महाराष्ट्रात जुने संगणक टिकवून धरण्यामागे काटकसरीखेरीज एक भाषिक कारणही आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमच्या फॉन्टांत टंकित होई. या पद्धतीत रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असत. फॉन्ट नसल्यास तोच मजकूर रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता दिसतो. शाळांचे अहवाल, ग्रामपंचायतींचे ठराव, स्थानिक साप्ताहिकांचे जुने अंक, एखाद्याची अप्रकाशित कादंबरी अशा स्वरूपात आजही डिस्कवर पडून असते. त्यांपैकी काही आज्ञावल्या संगणकाच्या पोर्टात बसवायच्या हार्डवेअर लॉकशिवाय चालत नसत; नव्या संगणकात ते पोर्टच नसते.

त्यामुळे अशा संगणकाची प्रत काढताना दस्तऐवजांसोबत विंडोजमधील फॉन्ट्स हा फोल्डरही उतरवून घेणे अत्यावश्यक ठरते. सी ड्राइव्ह पुसला की डेस्कटॉप व माय डॉक्युमेंट्समधील कागदपत्रे जातातच, शिवाय डी ड्राइव्हवर सुरक्षित राहिलेला मजकूरही फॉन्टअभावी वाचता येत नाही. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे परिवर्तक उपलब्ध आहेत. परंतु प्रत्येक फॉन्टची अक्षरजुळणी वेगळी असल्याने फॉन्टचे नेमके नाव ठाऊक असावे लागते, आणि परिवर्तनात रफार व पहिली वेलांटी हमखास स्थानभ्रष्ट होतात, कारण जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकली जाई. परिवर्तित प्रतीचे मुद्रितशोधन मूळ फॉन्टमधील प्रत समोर ठेवूनच करावे लागते.

मुदत संपलेल्या कार्यप्रणाली

विंडोज एक्सपीचे सुरक्षा-साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. जुन्या फॉन्टांसाठी एक्सपी ठेवणे भागच असेल, तर तो संगणक इंटरनेटपासून तोडून केवळ टंकलेखन व मुद्रणासाठी वापरला जातो, आणि त्यातील मजकूर बाहेर नेणारा पेन ड्राइव्ह दर वेळी अद्ययावत संगणकावर तपासून घेतला जातो.