बारामतीचा लेझर, शिर्डीची दाढ

शिर्डीहून एका मैत्रिणीचा व्हॉइस मेसेज आला. दाढेचं रूट कॅनल करायचंय. डॉक्टर म्हणतात, लेझर वापरला तर सफाई चांगली होईल, पण पैसे जास्त पडतील. "घेऊ का गं लेझर?" उत्तर शोधायला बसले आणि पोचले थेट बारामतीला.

1938 साली बारामतीत चंद्रकुमार पटेल यांचा जन्म झाला. 1958 ला पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, म्हणजे आपल्या सीओईपीतून बी.ई., मग स्टॅनफर्ड आणि 1961 पासून अमेरिकेतली बेल लॅब्स. जगातला पहिला लेझर थिओडोर मेमन यांनी 1960 मध्ये माणकाच्या कांडीतून काढला होता, पण तो क्षणभर चमकून विझायचा. पटेलांनी 1964 मध्ये कार्बन डायऑक्साइड वायूतून लेझर काढला. सलग चालणारा आणि पुढे पत्रासुद्धा कापायला लागलेला!

1971 मध्ये वाइचमन आणि जॉन्सन या दोन संशोधकांनी हाच लेझर काढून टाकलेल्या दातांवर चालवला. मुळाच्या टोकाचं भोक उष्णतेने वितळवून बुजवायचं, अशी कल्पना. नीट जमलं नाही. मला हे अपयश महत्त्वाचं वाटतं, कारण खरी अडचण उष्णता कमी पडण्याची नव्हतीच.

दाताचं मूळ म्हणजे सरळ पाइप नाही. झुरिकच्या वॉल्टर हेस यांनी दातांत रबर भरून आतल्या पोकळीचे साचे काढले होते. ते बघितले तर झाडाच्या मुळ्या वाटतात, इतके फाटे! डॉक्टरांची बारीक फाइल त्या फाट्यांत वळत नाही. सरळ जाणारा उजेडही वळत नाही. तिथे शिरू शकतो तो फक्त द्रव. म्हणून सोडियम हायपोक्लोराइट घालतात, घरातल्या ब्लीचमध्ये असतं तेच. पहिल्या महायुद्धात हेन्री डेकिन यांनी सैनिकांच्या जखमा धुवायला त्याचं सौम्य द्रावण बनवलं, पुढे ते दातांतही आलं. अडचण एवढीच, की सिरिंजने सोडलेला द्रव टोकापर्यंत जातोच असं नाही. हवा अडकते.

लेझर परत आला तो इथे, वेगळ्या कामासाठी. एर्बियम यॅग नावाच्या लेझरचा 2.94 मायक्रॉनचा उजेड पाणी झटकन शोषतं. द्रवात टोक बुडवून झोत सोडला की वाफेचा बुडबुडा फुगतो, फुटतो आणि त्या धक्क्याने द्रव फाट्यांत घुसतो. कपडे बादलीत नुसते भिजवणं आणि मशीनमध्ये घुसळणं, तसा फरक. म्हणजे लेझर स्वतः दात धूत नाहीच, धुणाऱ्याला ढकलतो.

प्रयोगशाळेत ही पद्धत नुसत्या सिरिंजपेक्षा चांगली सफाई करते. पण त्यामुळे दात जास्त वर्षं टिकतो, हे अजून ठामपणे सिद्ध झालेलं नाही. द्रव घुसळायला स्वस्तातली अल्ट्रासॉनिक सुईसुद्धा आहे. फाइल, हायपोक्लोराइट आणि भुलीचं इंजेक्शन तर लेझर असला तरी लागतंच.

मैत्रिणीला म्हटलं, डॉक्टरांना विचार, लेझर नेमका कुठला आणि कशासाठी? द्रव घुसळायला म्हणाले आणि तुला परवडत असेल, तर घे. नुसतं "दुखणार नाही" म्हणाले, तर थांब. लोणीचं प्रवरेचं डेंटल कॉलेज तुझ्याच राहाता तालुक्यात आहे, तिथे दाखवून ये.

तिचा रिप्लाय आला: "विचारते. पण बारामतीचं आधी सांगायचंस ना!"