धारणक्षेत्राचा प्रश्न आणि उत्पादन घटकांचे प्रमाण : डॉ. आंबेडकरांच्या १९१८ च्या निबंधाचा अन्वयार्थ

प्रस्तावना :
वाणिज्य शाखेच्या पदवी वर्गात व्यावसायिक अर्थशास्त्राचे अध्यापन करताना उत्पादनाच्या प्रकरणात बदलत्या प्रमाणाचा नियम शिकविला जातो. एक घटक स्थिर ठेवून दुसरा वाढवीत गेल्यास काही मर्यादेनंतर सीमांत उत्पादन घटते, हे कोष्टक व आकृती यांच्या साहाय्याने स्पष्ट केले जाते. या नियमामागील विचार भारतीय शेतीच्या प्रश्नाला लावून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१८ मध्ये लहान धारणक्षेत्रांवर इंग्रजी निबंध लिहिला. तो इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात राज्यअर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. प्रस्तुत लेखात त्या निबंधातील युक्तिवादाचा आढावा घेऊन त्याचे अध्यापनातील महत्त्व विशद केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जमिनीचे तुकडीकरण हा चिंतेचा विषय बनला होता. पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाची डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी केलेली पाहणी १९१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत जमिनीच्या विभागणीचे व विखुरलेपणाचे चित्र स्पष्ट झाले. मुंबई इलाख्याचे कृषी संचालक जी. कीटिंग यांच्या मते, आवश्यक खर्च वजा जाता शेतकऱ्याला कुटुंबासह बऱ्यापैकी सुखाने राहता येईल एवढे उत्पादन ज्यातून होऊ शकते, ते धारणक्षेत्र 'आर्थिक' होय. वारसाहक्काने होणाऱ्या वाटण्यांवर निर्बंध घालावेत, असा विचारही पुढे येत होता.

निबंधातील युक्तिवाद :
डॉ. आंबेडकरांचा मूळ आक्षेप या व्याख्येवर होता. कुटुंबाच्या गरजा किती, हा उपभोगाचा निकष झाला. शेती हा उत्पादक व्यवसाय असल्याने तिचे मोजमाप उत्पादनाच्या दृष्टीनेच व्हावयास हवे. जमीन हा अनेक घटकांपैकी एक घटक आहे. श्रम, बैल, अवजारे व भांडवल यांच्याशी तिचे प्रमाण योग्य असेल तर छोटे क्षेत्रही आर्थिक ठरते आणि प्रमाण बिघडले तर मोठे क्षेत्रही अनार्थिक ठरते. समजा, एकाच बैलजोडीच्या शेतकऱ्याला दुप्पट जमीन दिली, परंतु बैल व अवजारे तेवढीच राहिली, तर मशागत विरळ होईल व जमिनीचा पूर्ण उपयोग होणार नाही.

भारतीय शेतकऱ्याजवळील साधनसामग्री अत्यंत अपुरी होती. त्यामुळे प्रचलित धारणक्षेत्रे अनार्थिक आहेत हे मान्य करूनही, ती लहान असल्यामुळे नव्हे, तर उपलब्ध साधनांच्या मानाने मोठी असल्यामुळे अनार्थिक आहेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. विखुरलेल्या तुकड्यांचे एकत्रीकरण आणि धारणक्षेत्राचा विस्तार हे दोन भिन्न प्रश्न असल्याचेही त्यांनी दाखविले. शेतीवरील लोकसंख्येचा भार व त्यातून उद्भवणारे निष्क्रिय श्रम हे मूळ दुखणे असल्याने औद्योगिकीकरण हाच खरा उपाय होय, असे त्यांचे प्रतिपादन होते.

उत्तरकाळ :
या भूमिकेचा प्रत्यय १९२७ मध्ये आला. मुंबई कायदेमंडळात लहान धारणक्षेत्रांविषयीचे विधेयक आले, तेव्हा त्यांनी त्यास विरोध केला. वाटणी रोखल्यास वारसांपैकी अनेक जण भूमिहीन होतील, हा त्यामागील मुद्दा होता. मालकी कायम ठेवून सहकारी पद्धतीने शेती करण्याचा पर्याय त्यांनी सुचविला. पुढे १९४७ मध्ये मुंबई प्रांतात तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा झाला.

समारोप :
'आदर्श आकार' ही संकल्पना विद्यार्थी बहुधा कारखान्याच्या उदाहरणावरून शिकतात व मोठे ते किफायतशीर असा समज करून घेतात. प्रस्तुत निबंध हा समज तपासावयास लावतो. आकार स्वतःमध्ये लाभदायक वा हानिकारक नसतो, तो इतर घटकांच्या संदर्भातच ठरतो. शिवाय निकष चुकल्यास धोरणही चुकते आणि त्याची किंमत ज्याच्याजवळ जमिनीखेरीज काही नाही त्याला मोजावी लागते. शेतकरी कुटुंबांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर बदलत्या प्रमाणाचा नियम मांडताना कोष्टकाच्या जोडीला हा निबंध ठेवल्यास, तो नियम त्यांच्या घरच्या प्रश्नाशी जोडला जाईल.