पन्नास किलोहर्ट्झची गल्ली

घरी येणारी मंडळी माझ्या कोपऱ्यातल्या रेडिओकडे बघून हमखास विचारतात, "यावर गाणी लागतात का?" लागतात की. पण मी बहुतेक वेळ ऐकतो ती नुसती कट्ट-कडकट्ट. आत्या म्हणते, तारखातं बंद झालं तरी तू एकटा तारा घेत बसलायस. म्हणून म्हटलं, एकदा सगळं लिहूनच टाकू.

मी ऐकतो तो पट्टा १०.१०० ते १०.१५० मेगाहर्ट्झचा. परवाना काढून हौसेखातर बिनतारी संदेश पाठवणारे लोक, म्हणजे हॅम, त्याला तीस मीटर बँड म्हणतात. रुंदी अवघी ५० किलोहर्ट्झ. शेजारचा वीस मीटर बँड ३५० किलोहर्ट्झचा आहे. आवाजातलं एक संभाषण साधारण ३ किलोहर्ट्झ जागा खातं. म्हणजे सोळा जण बोलू लागले की गल्ली भरली! आणि शॉर्टवेव्हवर ही गल्ली एका गावाची नसते, अर्ध्या जगाची असते.

या लोकांना जागा मिळाली त्याचा इतिहासही गमतीचा आहे. टायटॅनिक बुडाल्यावर अमेरिकेने १९१२ साली रेडिओचा कायदा केला आणि हौशी लोकांना २०० मीटर व त्याहून आखूड लहरींवर ढकललं. आखूड लहरी फारशा उपयोगाच्या नाहीत, असं तेव्हा धरलं जात होतं. थोडक्यात, बसा तिकडे अडगळीच्या खोलीत. पण नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्सचा लेऑं दलोय आणि अमेरिकेतले फ्रेड श्नेल व जॉन राइनार्ट्झ यांनी सुमारे ११० मीटरवर अटलांटिक ओलांडून दुतर्फा संवाद साधला. अडगळीची खोली म्हणजे खजिना निघाला! मग तिथे सगळ्यांचीच गर्दी झाली, आणि १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत हौशींना आंतरराष्ट्रीय करारातले ठराविक पट्टे आखून मिळाले.

तीस मीटर मात्र त्यात नव्हता. तो मिळाला १९७९ च्या जिनीव्हा परिषदेत, १८ आणि २४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांबरोबर. मिळाला तोही दुय्यम हक्काने. पहिला हक्क ठरलेल्या ठिकाणांमधल्या व्यावसायिक आणि सरकारी संदेशसेवेचा. तिला हॅमचा त्रास होता कामा नये, आणि तिचा हॅमला त्रास झाला तर तक्रार करायची नाही. मुंबईकरांना लोकलची चौथी सीट सांगायला नको. तीन जणांच्या बाकावर "जरा सरकता का" म्हणत टेकायला मिळतं, पण पाय पसरता येत नाहीत. अगदी तसंच.

चौथ्या सीटवर बसायचं कसं, हे हॅम लोकांनी बरंचसं आपापसात ठरवलं. आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाच्या योजनेप्रमाणे इथे आवाजात बोलायचं नाही, फक्त मोर्स आणि अरुंद डिजिटल संदेश. स्पर्धा भरवायच्या नाहीत. (इतर पट्ट्यांवर शनिवार-रविवारी स्पर्धा असल्या की मंडईतला कोलाहल असतो!) अमेरिकेने इथे शक्तीची मर्यादा कायद्यानेच २०० वॉट ठेवली, बहुतेक इतर पट्ट्यांवर १५०० चालतात. पण संघाची योजना हा कायदा नव्हे. अनेक देशांत ती केवळ समजुतीवर चालते. तिला अपवादही आहेत. कुणाच्या जिवावर बेतलं असेल तर युरोप-आफ्रिकेच्या योजनेत आवाज चालतो. विषुववृत्ताच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत दिवसा मधल्या भागात बोलायलाही मुभा आहे.

मोर्सचा एक संदेश साधारण १५० हर्ट्झमध्ये मावतो. एका बोलणाऱ्याच्या जागेत वीस जण! तरीही धक्का लागतोच, कारण शॉर्टवेव्हची एक खोड आहे. लहर आकाशात जाते, वरच्या थरावरून वळते आणि दूर उतरते. मधला टापू कोरडाच राहतो. त्यामुळे दोघे बोलत असले तरी मला त्यातला एकच ऐकू येतो, कधी एकही नाही. शांतता म्हणजे जागा रिकामी, असं धरता येत नाही. म्हणून रीत अशी, की आधी ऐकायचं, मग मोर्समध्ये 'क्यूआरएल?' म्हणजे 'जागा वापरात आहे का?' असं विचारायचं, थांबायचं, पुन्हा विचारायचं. उत्तर आलं की मुकाट्याने बाजूला व्हायचं. मी पाठवण्यापेक्षा ऐकणारा जास्त, पण हा दोन वेळचा प्रश्न ऐकला की मला बरं वाटतं.

२०१७ साली जो टेलर (हो, १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेलवाले) आणि स्टीव्ह फ्रँके यांनी एफटी८ आणलं. ५० हर्ट्झचा संदेश, पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्या. आता १०.१३६ च्या आसपास ३ किलोहर्ट्झमध्ये डझनावारी लोक दाटीवाटीने बसतात आणि बाकीची गल्ली बरेचदा ओस वाटते. जुनी मंडळी म्हणतात, गप्पा मेल्या. खोटं नाही ते. तिथे नाव-गाव विचारायचीही सोय नाही. संकेतनाम, सिग्नलचा आकडा, की पुढचा.

मग कुणीतरी म्हणतंच, की व्यावसायिक सेवा तर केव्हाच उपग्रहांकडे आणि केबलकडे वळल्या, मालक घरी नाही, मग आवाजात बोलायला काय हरकत? मला हे पटत नाही. एक तर हक्क अजून दुय्यमच आहे. जागा दिसायला रिकामी असली तरी ती आपली होत नाही. आणि दुसरं म्हणजे, या शांततेचा फायदा खरा कोणाला होतो? ज्याच्याकडे उंच मनोरा आहे, तो कुठेही ऐकू जाईल. पण ज्याला गच्चीवर अँटेना लावायला सोसायटी परवानगी देत नाही, जो बाल्कनीत वायर ताणून ५ वॉटवर बसतो, त्याला समुद्रापलीकडे जायला हीच गल्ली उरते. ती १९८० च्या दशकापासून टिकली, ती मोठा आवाज काढू शकणाऱ्यांनी तो काढला नाही म्हणून. इथे कोपऱ्यावर पोलीस उभा नाही. एकेकाने ठरवून हळू बोलायचं, एवढाच तिचा आधार.